शमशोनची प्रार्थना कोणी ऐकली?

नमस्कार. तुम्ही सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही जरा लांबतंय. इंग्रज कवी मिल्टनच्या 'सॅमसन ॲगोनिस्टीज' या नाटकावर (1671) तुमचे आक्षेप दोन. (सॅमसन म्हणजे बायबलमधला महाबली शमशोन; शत्रू पलिष्ट्यांनी त्याचे डोळे काढले, आणि शेवटी त्याने त्यांचं मंदिर पाडून त्यांच्यासकट स्वतःलाही संपवलं.) मधल्या भागात काही घडतच नाही. आणि मंदिर कोसळण्याचा एकमेव थरारक प्रसंग दूताच्या, म्हणजे बातमी आणणाऱ्या निरोप्याच्या, तोंडून ऐकावा लागतो. थोडक्यात, बायबलमधली दणकट गोष्ट ग्रीक शोकांतिकेच्या साच्यात कोंबून मारली.

पहिला आक्षेप इंग्रज समीक्षक सॅम्युएल जॉन्सनने 1751 मध्येच घेतला होता: आरंभ आहे, शेवट आहे, मध्य नाही. मला तो अर्धाच पटतो. बाप मानोहा, बायको दलीला (बायबल तिला बायको म्हणत नाही, हे लग्न मिल्टननेच लावून दिलं) आणि बढाईखोर पलिष्टी मल्ल हराफा गज्जाच्या (गाझाच्या) तुरुंगापाशी शमशोनकडे येऊन जातात. त्याने कथानक फारसं पुढे सरकत नाही, कबूल. पण सुरुवातीला मरण मागणारा शमशोन हराफाला द्वंद्वाचं आव्हान देतो, तेव्हा आत बरंच काही घडून गेलेलं असतं. ग्रीक नाटककार सोफोक्लिसच्या नाटकात आंधळ्या, म्हाताऱ्या इडिपसकडेही कोलोनस गावी अशीच एकेक माणसं येतात.

दुसरा आक्षेप मात्र साफ अमान्य. बायबलमधलं 'शास्ते' हे पुस्तक, अध्याय 16 काढून बघा. तिथे शमशोन देवाला हाक मारतो, दोन डोळ्यांचा सूड घेण्यापुरतं बळ मागतो. मिल्टनने ही प्रार्थनाच गाळली! त्याचा दूत लांब, बाहेरच्या गोरगरिबांत उभा आहे. त्याला दिसतं ते एवढंच: खांबांना धरून, मान झुकवून शमशोन उभा राहिला, प्रार्थना करत असावा तसा, किंवा मनात काही मोठं घोळत असावं तसा. मग तो मोठ्याने बोलतो, पण पलिष्टी सरदारांशी: आतापर्यंत तुमच्या हुकमाने केलं, आता माझ्या मर्जीने करून दाखवतो.

माझ्या मर्जीने! मग देवाची प्रेरणा कुठे गेली? पलिष्ट्यांच्या उत्सवाला जायला आधी ठाम नकार देणारा शमशोन अचानक 'आत काहीतरी उसळतंय' म्हणून निघतो, तेव्हाही ते कुणी उसळवलं हे मिल्टन सांगत नाही. प्रसंग डोळ्यांसमोर घडवला असता तर त्याला कुठल्यातरी एका बाजूला झुकावंच लागलं असतं. दूताची जुनी ग्रीक युक्ती त्याला इथे कामी आली. 2001 च्या अमेरिकेतल्या हल्ल्यांनंतर शमशोन वीर की दहशतवादी, असा या नाटकावर इतका वाद पेटला, तो याच मोकळ्या जागेमुळे.

आणि साचा म्हणाल, तर मानोहाला विसरू नका. खंडणी भरून मुलाला सोडवण्याची बोलणी जवळजवळ पक्की झाल्याचं तो आनंदाने सांगत असतो, तेवढ्यात मंदिर कोसळल्याचा आवाज येतो. यात सोफोक्लिसलाही नाव ठेवायला जागा सापडली नसती.

कोरस, म्हणजे घटनांवर भाष्य करणारा समूह, कंटाळवाणा आहे, हे तुमचं म्हणणं मान्य. शमशोनच्याच दान वंशातली ही मंडळी शेवटी 'जे झालं ते भल्यासाठीच' म्हणून मोकळी होतात. पण थोड्याच वेळापूर्वी हीच माणसं शमशोनची दृष्टी चमत्काराने परत आली असेल, असे तर्क लढवत होती. त्यांच्या निर्वाळ्यावर नाटकाचा अर्थ सोपवायला मी तरी तयार नाही.