डीडीवर मॅच का दिसली नाही: एक स्टार देणाऱ्या ग्राहकांना उत्तर

नमस्कार साहेब,

रविवारी वनडे सुरू झाली आणि आमच्या केबलवर डीडी स्पोर्ट्सला जुन्या कुस्त्या लागल्या. त्याच वेळी पाटणला तुमच्या मामांकडे कौलांवरच्या फ्री डिशच्या (दूरदर्शनची फुकट डीटीएच सेवा) छत्रीवर तीच मॅच दिसत होती. म्हणून तुम्ही लिहिलंत, 'पॅक खपवायला केबलवाले मुद्दाम डीडी बंद करतात.'

आधी आमची चूक. तुमचा फोन आला तेव्हा आमच्या पोराने "सॅटेलाइटचा प्रॉब्लेम आहे, दहा मिनिटांत येईल" असं ठोकून दिलं. असा काही प्रॉब्लेम नव्हता. तुम्ही मात्र तासभर बॉक्स बंद-चालू करत बसलात. त्याबद्दल माफी मागतो, त्यालाही समज दिली आहे.

पण डीडी आम्ही बंद केलेलं नाही. 2007 च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांची फीड, म्हणजे थेट प्रक्षेपणाचा सिग्नल, हक्क घेतलेल्या कंपनीने प्रसार भारतीला (दूरदर्शन चालवणारी सरकारी संस्था) द्यावीच लागते. मात्र ती दूरदर्शनच्या अँटेनावरच्या प्रक्षेपणासाठी आणि फ्री डिशसाठी. इकडे 1995 च्या केबल कायद्याने डीडीची ठरलेली चॅनेलं दाखवणं आम्हाला बंधनकारक. त्यामुळे मॅचही डीडीसोबत आपसूक केबलवर यायची. 'पूर्वी दिसायची' हे तुमचं म्हणणं खरंच आहे. केबलवर फुकट दिसली तर हक्कांना बक्कळ पैसे मोजणाऱ्यांचं चॅनेल कोण घेणार? त्यांना ते कसं परवडावं? प्रकरण कोर्टात गेलं आणि ऑगस्ट 2017 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की ही फीड केबलवर आणि खासगी डीटीएचवर जाता कामा नये. तेव्हापासून मॅचच्या वेळी आम्हाला येणाऱ्या फीडवर दूरदर्शनच दुसरं काहीतरी लावतं. खासगी डीटीएचवाल्या शेजाऱ्याकडे डीडी लावून बघा, तिथेही मॅच नसेल.

मला विचाराल तर हे पटत नाही. केबल घेतो तो पैसेवालाच, असं कुठे आहे? आमच्या गिऱ्हाइकांत मंडईतले भाजीवाले आहेत, रिक्षावाले आहेत. पण छत्री लावून फ्री डिशची फीड केबलवर सोडा, असं जे काही जण सुचवतात, ती सरळ चोरी झाली. ते आम्ही करणार नाही.

आता तुमच्यापुढे दोन रस्ते. मॅच दाखवणारं स्पोर्ट्स चॅनेल एकटं घ्या, अख्ख्या पॅकची गरज नाही. त्याची किंमत ब्रॉडकास्टर ठरवतो, आम्ही नाही. नाहीतर मामांसारखी फ्री डिश बसवा. एकदाच खर्च, महिन्याचं भाडं नाही. आमचं एक कनेक्शन कमी होईल, होऊ दे. फक्त आयपीएलसाठी बसवू नका, ती राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांच्या यादीतच नाही.

काय ठरेल ते ऑफिसात येऊन सांगा. संध्याकाळी सातनंतर काउंटरवर मी स्वतः असतो. येताना बॉक्सचा नंबर तेवढा घेऊन या, खालच्या बाजूला स्टिकरवर असतो.