गोळी कापूनच न्या की ओ!

घरात कुणाला दिवस गेले असतील तर अभिनंदन. औषधपाण्याची काळजी मात्र तुम्ही करू नका, ती करायला अख्खी गल्ली बसलेली आहे. आमच्या वैनीला सहावा महिना चालू आहे. गेल्या आठवड्यात तिची कंबर धरली आणि घरादाराच्या ज्ञानात जी भर पडली, ती तुमच्यापर्यंत पोचवणं मी कर्तव्य समजतो.

पहिली सूचना: डॉक्टरकडं जाऊन रांगेत बसू नका. नवऱ्याला मेडिकलवर पाठवा. ‘कंबर दुखालीया, काहीतरी द्या’ एवढं म्हटलं की झालं. कुणाची कंबर, हे त्यानं सांगू नये आणि काउंटरवरच्या पोरानं विचारू नये. फार्मसिस्टचं लायसन काचेत लावलेलं असतं, ते बघून समाधान मानावं. फार्मसिस्ट कुठं आहे, हा चावटपणा झाला.

दुसरी सूचना: गोळ्या कापूनच घ्या. दहाचं अख्खं पाकीट घेणारा माणूस उधळ्या. आमच्या दादानं चारच मागितल्या. पोरानं कात्री अशी सफाईनं चालवली की गोळ्या आमच्याकडं आल्या आणि नाव दुकानात राहिलं. आमच्या तुकड्यावर मागं ‘फेनॅक’ एवढी शेपटी आणि निम्मा आकडा. एक्सपायरी नाही, कंपनी नाही. ‘डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नये’ हा छापील इशारासुद्धा दुकानातल्याच तुकड्यावर. कागदी पुडीवर पेनानं दोन उभ्या रेघा, म्हणजे सकाळी एक, रात्री एक. दोन गोळ्या पोटात गेल्यावर तपासणीचा दिवस आला. मॅडमनी विचारलं, काय घेतलंत? ‘पांढरी गोळी.’ कसली? ‘कंबरेची.’ मॅडमनी पेन खाली ठेवलं. मग नाव विचारायला मी दुकानात. ‘काय होत न्हाई ओ, सगळेच न्हेतात,’ पोरगं मोबाइलमधनं मान वर न काढता बोललं. तुकडा दाखवला, हुज्जत घातली, तेव्हा कुठं डबा निघाला: डायक्लोफेनॅक. अरे, काय होत नाही? वीस आठवड्यांनंतर असल्या वेदनाशामक गोळ्यांनी पोटातल्या बाळाच्या मूत्रपिंडाचं काम मंदावू शकतं आणि भोवतीचं पाणी कमी होऊ शकतं. अमेरिकेच्या औषध खात्यानं २०२०मध्ये तसा जाहीर इशारा दिला. तिसाव्या आठवड्यानंतर तर बाळाच्या हृदयाजवळची, जन्मानंतर बंद व्हायची रक्तवाहिनी पोटातच मिटायला लागण्याची भीती. आयबुप्रोफेनचंही तेच. वैनीची सोनोग्राफी ठीक आली, पण ती येईपर्यंत घरात कुणाच्या घशाखाली घास उतरला नाही.

असो. सूचना बाकी आहेत.

थोरलीची जुनी चिठ्ठी जपून ठेवा, धाकटीच्या वेळी उपयोगी पडते.

रक्तवाढीची गोळी चहाबरोबरच घ्या, म्हणजे लोह अंगी लागायची भीती नाही.

फॉलिक ॲसिड तिसऱ्या महिन्यात, पाळणाबिळणा बघून झाल्यावर सुरू करा. बाळाच्या मेंदूची आणि कण्याची नळी गर्भ राहिल्यापासून अठ्ठावीस दिवसांच्या आत मिटलेली असते, म्हणून ती गोळी दिवस जायच्या आधीपासून घ्यायची असते. पण एवढी घाई कशाला?

आयुर्वेदिक आहे म्हटल्यावर डोळे मिटून घ्या. काही रसौषधींत, म्हणजे धातू-खनिजांपासून केलेल्या औषधांत, पारा, शिसं असतं, पण ते कसं अगदी नैसर्गिक.

सासूबाईंसाठी खास: गोळ्यांनी उष्णता होते, तेव्हा दिवस गेल्याचं कळताच सुनेच्या सगळ्या गोळ्या बंद करा. थायरॉइडची करा, गर्भारपणात तिचा डोस बहुधा वाढवावा लागतो, हे कशाला ऐकायचं? दम्याचा पंप लपवा. फिटची गोळी तर आधी. व्हॅल्प्रोएट ही फिटची गोळी बाळाला वाईट, हे खरं. दहातल्या साधारण एका बाळात त्यानं व्यंग येतं. ती दिवस राहायच्या आधीच डॉक्टरकडून बदलून घ्यायची असते. पण आपल्या मनानं एकदम तोडली आणि मोठी फिट आली, तर आई आणि बाळ दोघंही जाऊ शकतात. तेव्हा उष्णता मात्र होणार नाही.

डॉक्टरांसाठी: पाळी कधी चुकली, हे विचारण्यात वेळ घालवू नका. बीपीसाठी टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिल चालू असेल तर चालू द्या. बाळाच्या मूत्रपिंडांचं पुढचं पुढं. तरुण मुलगी मुरुमांसाठी आली तर गर्भात व्यंग आणू शकणारं आयसोट्रेटिनॉइन लिहा आणि लग्नाचं, मुलाबाळांचं काही काढू नका. दिसतं बरं का ते?

आपल्या सीमाभागासाठी एक: सातव्या महिन्यात चंदगड-गडहिंग्लजकडं माहेरी जाताना फाइल बेळगावलाच ठेवा. कर्नाटकात गर्भवतीला मिळणारं तायी कार्ड कन्नडमध्ये, तिकडच्या डॉक्टरला वाचता येत नाही, मग ओझं कशाला? तिकडं नवी चिठ्ठी होईल. दोन राज्यं, दोन डॉक्टर, एकच बीपी.

आणि कुठंही प्रश्न विचारू नका. पश्चिम जर्मनीत १९५७ साली थॅलिडोमाइड बाजारात आलं. मळमळीवर गर्भवतींनाही दिलं गेलं, निर्धोक म्हणून. १९६१मध्ये ते मागं घेतलं, पण त्यापायी जगभर दहा हजारांवर बाळं हातपाय खुरटलेली किंवा इतर व्यंगं घेऊन जन्मली. अमेरिकेत तेव्हा ते विक्रीला आलंच नाही. तिथल्या औषध खात्यात फ्रान्सिस केल्सी नावाच्या बाई होत्या. कंपनी घाई करत होती आणि त्या पुरावा आणा, पुरावा आणा म्हणून फाइल अडवून बसल्या. आमच्याकडं असत्या तर त्यांना कटकटी बाई म्हटलं असतं.

पुरे झाली थट्टा. दुकानदारांनो, बाईचं औषध देताना ‘दिवस गेलेत का?’ हे विचारायला तोंड झिजतं का तुमचं? आणि पुडीवर नाव लिहायला शाई संपते? डॉक्टर, चिठ्ठी वाचता येईल अशी लिहा, औषध कशासाठी आणि किती दिवस तेही लिहा. आणि आपण घरचे! दुखलं तर मॅडमना एक फोन करवत नाही? बऱ्याचदा साध्या पॅरासिटामॉलवर भागतं, तेही डोस विचारून, थोडेच दिवस. बायको पोटुशी आहे, हे मेडिकलवर सांगायला लाज वाटते, आणि बारशाचा बॅनर मात्र चौकात लावायचा! अख्खं पाकीट घ्या. सहा गोळ्या वाया गेल्या तर जाऊ देत. दिवाळीत फटाक्यांत किती जाळता, ते गल्लीला माहीत आहे.