झाडं मरू द्या, टक्केवारी जगवा

आमच्या घरासमोर एक कडुलिंब आहे. वडिलांनी १९८९ साली लावलेला. त्याच्या सावलीत माझ्या तीन स्कूटर म्हाताऱ्या झाल्या. गेल्या महिन्यात मला असं कळलं, की हा कडुलिंब तीन वर्षांचा असून तो सरकारी निधीतून लावलेला आहे.

झालं असं. जुळे सोलापुरात आमच्या कॉलनीमागे मोकळी जागा आहे. तीन वर्षांपूर्वी तिथं ५०० रोपं लागली. मांडव, हारतुरे, फलक, सगळं रीतसर. एका पाहुण्यांनी एकच रोप तीनदा लावलं, कारण पहिल्या दोन फोटोंत त्यांचे डोळे मिटलेले आले. पुढचं तुम्हाला माहीत आहे. यंदा मला अवदसा आठवली आणि मी माहितीच्या अधिकारात विचारलं, की बाबांनो, जगली किती? एकोणतिसाव्या दिवशी उत्तर आलं. चौदा पानं. जिवंत रोपं ४६३, म्हणजे ९२.६ टक्के. दशांश चिन्हासकट! रविवारी मुलीला घेऊन मोजायला गेलो. ३१ भरली. त्यातल्या दोन बाभळी, कुणीही न लावता उगवलेल्या. म्हणजे २९.

आणि पान नऊवर अक्षांश-रेखांश, तारीख-वेळ छापलेला फोटो. अनुक्रमांक २३७. आमचा कडुलिंब. बुंध्याशी बनियनवर मी, हातात धुण्याच्या पाण्याची बादली. खाली ओळ : 'लाभार्थी रोपास पाणी देताना. वाढ समाधानकारक.'

पंचवीस फूट वाढ तीन वर्षांत. समाधानकारकच म्हणायची.

तेव्हापासून माझे डोळे उघडले. पर्यावरणाचा प्रकल्प यशस्वी करायचा, तर पर्यावरणाशी झटापट करायची गरज नसते, अहवालाशी करायची असते. तुमच्याही हाती कधी असा निधी पडला तर उपयोगी पडावं, म्हणून शिकलो ते सांगतो.

काम सुरू करण्याआधी काहीही मोजू नका. ही पहिली पायरी चुकली की पुढचं सगळं चुकतं. आधी जागेवर किती झाडं उभी होती, विहिरीला किती हातांवर पाणी होतं, ओढ्यात काय वाहत होतं, हे एकदा कागदावर आलं की ते जन्मभर तुमच्या मानगुटीवर बसतं. आधीचा आकडा नसला, की उभं असलेलं प्रत्येक झाड तुमचंच. माझ्या बापाचंसुद्धा.

झाडं मोजू नका, खड्डे मोजा. खड्डा मरत नाही.

ते जमलं, की आकडा फुगवायला घ्या. राज्यानं याचा कित्ता घालूनच दिला आहे : २०१६ साली १ जुलैला एका दिवसात २ कोटी रोपं, २०१७ साली ४ कोटी, २०१८ साली १३ कोटी, २०१९ साली ३३ कोटी. दरवर्षी उद्दिष्ट मोठं, म्हणजे गेल्या वर्षीच्या रोपांचं काय झालं हे विचारायला कुणाला सवडच नाही. पुढे ३३ कोटींसाठी विधिमंडळाची चौकशी समिती नेमावी लागली, हा भाग वेगळा. तुम्ही फक्त 'लागवड' हा शब्द घट्ट धरून ठेवा. लागवड म्हणजे लावणं. जगवणं हा निराळा लेखाशीर्ष आहे आणि त्यात पैसे नसतात. मोजणी करावीच लागली तर ऑक्टोबरात करा. पावसाळा नुकताच सरलेला असतो, गवतसुद्धा हिरवं असतं, लांबून सगळं रोपच दिसतं. मे महिन्यात चुकूनही जाऊ नका. सोलापूरचा मे! पायाखाली हातभर मुरूम, वर ४३-४४ अंश, टँकर मार्चअखेरला बिल निघालं की बंद, आणि त्यात ते दीड फुटाचं पोर उभं. त्याला तीन उन्हाळे काढायचे असतात, तुम्हाला एक आर्थिक वर्ष. कुणाची शर्यत सोपी आहे ते बघा आणि अहवाल पहिल्या उन्हाळ्याच्या आत पाठवून मोकळे व्हा.

पाण्याचंही तसंच. चांगला पावसाळा बघून विहिरी मोजा आणि बंधाऱ्याला हार घाला. भूजलवाले वर्षातून चारदा निरीक्षण विहिरी मोजतात आणि पाच वर्षांच्या सरासरीशी ताडून पाहतात, पाऊस किती पडला तेही बघतात. त्या भानगडीत पडू नका. आपल्याकडं सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस. एखादं साल जास्त पडला की पातळी वर येणारच. ते यश तुमचं. पुढच्या साली खाली गेली की तो निसर्गाचा प्रकोप. जलयुक्त शिवारवर ९,६०० कोटींहून अधिक खर्च होऊनही भूजल पातळी वाढवण्यात फारसा परिणाम दिसला नाही, असं महालेखापरीक्षकांनी २०२० साली लिहिलं. त्यांचं काय, ते हिशेब तपासायला बसलेले लोक. पाणी तपासतात कशाला?

हवेसाठी एकच : मोजायचं यंत्र ज्या रस्त्याला आहे, त्याच रस्त्यावर सकाळी पाणी मारा.

(२०१९ सालच्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात आपलं सोलापूर आहे, हे छाती फुगवून सांगा. ती यादी हवेचे निकष न गाठणाऱ्या शहरांची आहे, हे सांगू नका. शहरांचा निकाल पीएम १० वर, म्हणजे जाड्या धुळीवर लागतो. फुप्फुसात खोल जाणारा बारीक कण परीक्षेलाच नाही. मग देशभर पैसा झाडू मारणाऱ्या गाड्यांवर आणि कारंज्यांवर जातो यात नवल काय?)

मूल्यमापन त्रयस्थ संस्थेकडून करून घ्या. तिला तुम्हीच निवडा, तुम्हीच पैसे द्या, गाडीही तुमचीच पाठवा. जानेवारीत बोलवा, हुरड्याचा हंगाम असतो.

आता थोडं उच्च शिक्षण. नान्नजला आपलं माळढोक अभयारण्य आहे, १९७९ पासूनचं. माळढोकाला झाड नको असतं. त्याला लांबवर नजर पोचेल असा मोकळा गवताळ माळ लागतो, तिथं तो जमिनीवर अंडं घालतो. पण उपग्रहातून वनाच्छादन मोजायची देशाची व्याख्या अशी, की एक हेक्टर किंवा जास्त जागा आणि तिच्यावर किमान दहा टक्के झाडांचं छत्र. झाड कुठलं, जमीन कुणाची, हे बघायचं नाही. आमराईसुद्धा चालते. माळाला मात्र भोपळा. म्हणजे हजारो वर्षांचं जिवंत गवताळ रान 'पडीक' आणि त्यात खड्डे काढून ग्लिरिसिडियाची झाडं उभी केली की 'हरित क्षेत्रात वाढ'. पक्षी जातो, टक्का येतो. आज नान्नजला माळढोक दिसला तर पेपरात बातमी होते, आणि अहवालात मात्र काहीच उणं नसतं. चुकीची गोष्ट अगदी बरोबर मोजण्याचा याहून सुंदर नमुना मला माहीत नाही.

तर अशी ही विद्या शिकून मी अर्ज घेऊन त्या कार्यालयात गेलो. कुठलं ते विचारू नका. म्हटलं, अनुक्रमांक २३७ वगळा, ते झाड आमचं आहे. टेबलावरच्या पोरानं अर्ज वाचला, फोटो बघितला, मला बघितलं.

"काका, झाड जिवंत आहे ना?"

"आहे."

"मग तक्रार काय तुमची?"

मला खरंच उत्तर सुचलं नाही. पोच घेऊन बाहेर आलो. घराकडं वळलो, तर कॉलनीमागं पुन्हा जेसीबी. यंदाची लागवड. त्याच जागी, जवळजवळ त्याच खड्ड्यांत, आणखी ५००.

अरे, ४६३ जिवंत आहेत ना तिथं? मग हे ५०० कुठं लावताय, त्यांच्या डोक्यावर? कागदावर आता ९६३ झाडांचं अरण्य आहे तिथं आणि माझ्या घरून पलीकडच्या गल्लीतली धुणी दिसतात! लाज वाटत नाही? कुणी मागितले होते तुमच्याकडं ९२.६ टक्के? सहा टक्के जगली म्हणून लिहिलं असतं तर काय आकाश कोसळलं असतं? हे सोलापूर आहे. इथं उजनी 'उणे' गेली की पोरंसुद्धा चहाच्या टपरीवर उण्याचा आकडा सांगतात. धरणात उपयुक्त पाणी शून्य झालं, मृतसाठा उचलतोय, हे आम्ही रोज सकाळी पेपरात वाचतो आणि त्याप्रमाणे बादल्या भरून ठेवतो. उण्याला आम्ही भीत नाही. त्या आकड्यामुळं पाण्याची पाळी तरी ठरते. तुमच्या ९२.६ मुळं काय ठरलं? पुन्हा तोच मुरूम, तेच रोप, तेच कुंपण नसलेलं रान, आणि परत मार्चअखेरला बंद होणारा टँकर.

शेळ्यांनी खाल्ली तर शेळ्यांनी लिहा. पाण्यावाचून मेली तर टँकर कुठल्या तारखेला थांबला ते लिहा. रोपवाटिकेतून मुळं गुंडाळलेली पिशवीतली जून रोपं आली असतील तर तसं लिहा. जागाच झाडाची नसेल, गवताची असेल, तर तेही लिहा. फार नाही, दोन माणसं आणि एक रविवार लागतो. मुलीनं नि मी सकाळी सात ते साडेनऊ एवढ्या वेळात केलं, येताना नाष्टाही केला. लोकांचा पैसा आहे तो. आम्ही पाण्याच्या पाळीच्या दिवशी पहाटे उठून भरलेल्या पाण्यातलं धुण्याचं उरलेलं झाडाला घालतो आणि तुम्ही त्याचा फोटो काढून वर पाठवता!

४७१ रोपं कशानं मेली, ते त्या फलकावर लिहा, तारखेसकट. नवे खड्डे त्यानंतर काढा. आणि अनुक्रमांक २३७ आजच्या आज खोडा. माझ्या बापानं लावलाय तो.