अली की टायसन? आधी वर्ष सांगा

आमच्या चौकातल्या पानठेल्यावर कापसाच्या भावाइतक्याच नेमाने निघणारा एक वाद आहे: मोहम्मद अली आणि माइक टायसन हे दोन वेगळ्या काळांतले हेवीवेट (सर्वात वजनदार गटातले) बॉक्सर समोरासमोर आले असते तर कोण जिंकले असते? मोबाइलवर नॉकआउटचे तुकडे पाहून वाढलेली पोरे टायसनचे नाव घेतात, वडीलधारी मंडळी अलीचे. दोन्हीकडून आवाज चढतो. पण कोणत्या वर्षीचा अली आणि कोणत्या वर्षीचा टायसन, हे कोणीही विचारत नाही, आणि माझ्या मते निम्मा निकाल तिथेच लागतो.

आपल्या शंकरपटात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीत, हा घोळ होत नाही. जोडी किती सेकंदांत धावली हे घड्याळ सांगते, त्यामुळे दोन वेगळ्या वर्षांच्या जोड्यांचीही थोडीफार तुलना करता येते. बॉक्सरची ताकद मात्र समोरच्या माणसावाचून मोजताच येत नाही, कारण ठोसा किती भारी होता हे तो चुकवणाऱ्याच्या पायांवरही अवलंबून असते.

हे काम यंत्राकडून करून घेण्याचा प्रयत्न अमेरिकेत 1967 सालीच झाला होता. मरी वोरोनर नावाच्या निर्मात्याने निरनिराळ्या काळांतल्या 16 हेवीवेट बॉक्सरांची माहिती संगणकाला पुरवली आणि त्याने दिलेल्या निकालांवरून रेडिओवर लढती रंगवल्या. त्यात अली जेम्स जेफ्रीजकडून हरला आणि अंतिम विजेता रॉकी मार्सियानो ठरला. अलीने दहा लाख डॉलरचा दावा ठोकला, आणि त्या प्रकरणातूनच पुढे अली आणि मार्सियानो यांची लढत प्रत्यक्ष कॅमेऱ्यासमोर चित्रित झाली. निवृत्त मार्सियानोने त्यासाठी वजन उतरवले आणि डोक्यावर केसांचा टोप चढवला. निकाल गुप्त राहावा म्हणून शेवट वेगवेगळ्या प्रकारे चित्रित केले गेले. 1970 च्या जानेवारीत अमेरिकेतल्या चित्रपटगृहांत मार्सियानो तेराव्या राउंडमध्ये जिंकलेला दिसला, पण ते पाहायला तो स्वतः नव्हता; 31 ऑगस्ट 1969 रोजी विमान अपघातात त्याचा मृत्यू झाला होता. माझ्या दृष्टीने त्या संगणकाने काहीही सिद्ध केले नाही, कारण कोण किती चपळ आणि कोणाचा जबडा किती मजबूत, हे त्याला आधी माणसांनीच सांगितले होते.

शिवाय नियम कोणाच्या काळचे लावायचे? 49 पैकी 49 लढती जिंकणारा मार्सियानो साधारण 85 किलोंचा होता, म्हणजे आजच्या व्यवस्थेत तो हेवीवेटपेक्षा हलक्या क्रूझरवेट गटात बसला असता. अलीच्या काळी विजेतेपदाची लढत 15 राउंडांची असे. 1982 साली किम दुक-कू या कोरियन बॉक्सरचा लढतीनंतर मृत्यू झाला, त्यानंतर टप्प्याटप्प्याने ती 12 राउंडांवर आली, आणि टायसन त्या नव्या काळातला आहे.

म्हणून माझी अट अशी: 1966 च्या नोव्हेंबरात क्लीव्हलँड विल्यम्सला तिसऱ्या राउंडमध्ये संपवणारा 24 वर्षांचा अली, 1988 च्या जूनमध्ये मायकेल स्पिंक्सला 91 सेकंदांत आडवा करणारा 21 वर्षांचा टायसन, आणि राउंड 15. टायसन सुमारे पाच इंच बुटका, हातांच्या पल्ल्यात सुमारे सात इंच कमी, पण वजनाने दोन-तीन किलो जास्तच. पोरांचे म्हणणे इथे अगदी पोकळ नाही. अली हात खाली ठेवून मागे झुकत असे आणि डाव्या हुकला, म्हणजे बाजूने वळवून मारलेल्या ठोशाला, तो सापडत असे. 1963 साली हेन्री कूपरने आणि 1971 साली जो फ्रेझरने त्याला याच ठोशाने खाली पाडले होते. फ्रेझरला तापायला वेळ लागे, टायसन घंटा वाजताच अंगावर येई.

टायसनच्या विरोधात कोणी 1990 मधला बस्टर डग्लसकडून झालेला पराभव काढला की मी तो पुरावा मानत नाही. प्रशिक्षक केविन रूनी त्याच्यापासून दूर झाला होता आणि तो टायसन उतरणीला लागलेला होता. त्यापेक्षा 1987 पाहावे. टायसन ऐन भरात असतानाही जेम्स स्मिथने त्याला मिठ्या मारून आणि उंच टोनी टकरने जॅबच्या, म्हणजे पुढच्या हाताने मारायच्या सरळ ठोशाच्या, जोरावर पूर्ण 12 राउंड लढायला लावले. दोघेही हरले, पण या दोन्ही युक्त्या अलीजवळ त्यांच्यापेक्षा कितीतरी पक्क्या होत्या, आणि त्यांच्या जोडीला त्या दोघांकडे नसलेले पाय होते. पहिल्या चार राउंडांत अली एकदा पडेल, असे मी धरून चालतो. सहाव्यानंतर टायसनचे डोके हलायचे कमी होईल, जॅब थेट लागू लागेल, आणि अकराव्या-बाराव्या राउंडच्या सुमारास पंच लढत थांबवतील.

वडीलधाऱ्यांनी मात्र यावर फार खूश होऊ नये. त्यांच्या बोलण्यातला अली बहुधा 1974 चा असतो, आफ्रिकेतल्या किन्शासात रिंगच्या दोरांना टेकून जॉर्ज फोरमनचे ठोसे झेलणारा आणि आठव्या राउंडमध्ये त्याला पाडणारा. साडेतीन वर्षांच्या बंदीनंतरच्या त्या अलीचे पाय पहिले राहिले नव्हते. फोरमनचे ठोसे लांबून, वळसा घेऊन येत, म्हणून दोरांवर रेलून ते हातांवर घेता आले. टायसन आत शिरून आखूड ठोसे मारतो, बरगडीवर एक आणि लगेच हनुवटीखाली दुसरा, आणि दोराला टेकलेल्या माणसाला त्यातून सुटायला जागाच उरत नाही. त्या अलीसमोर 1988 चा टायसन उभा केला तर मी पोरांच्या बाजूला बसेन.