खुलासा : अ‍ॅक्युपंक्चरने यकृतातील कर्करोगाची गाठ विरघळत नाही

‘सुया टोचल्या की लिव्हरची गाठ विरघळते, किमोची गरज उरत नाही’ हा यवतमाळ-वर्ध्याकडील गावांत मोबाइलवरून फिरणारा मजकूर चुकीचा आहे. मनगटाच्या घडीपासून तीन बोटे वर टोचलेल्या बारीक सुईने किमोनंतरची (कर्करोगावरील औषधोपचारानंतरची) मळमळ काही रुग्णांत कमी होते, हे खरे. गाठ बरी होते याला मात्र पुरावा नाही. उलट, यकृत बिघडल्यावर प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) घटतात आणि रक्त लवकर गोठत नाही, त्यामुळे आधी रक्ततपासणी आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांची संमती हवीच. पोटात पाणी झाले असल्यास पोटावर सुई नकोच. सुई पाकीटबंद, तुमच्यासमोर फोडलेली असावी, कारण वापरलेल्या सुईतून हेपॅटायटिस बी आणि सी पसरतात, आणि यकृताच्या कर्करोगाची मोठी कारणे तीच आहेत. कापूस वेचणीच्या घाईतही नागपूर-सेवाग्रामच्या रुग्णालयातील तपासणीची तारीख कृपया चुकवू नये.