प्रीमियरला जाणाऱ्यांसाठी काही मौलिक सूचना

सिनेमाच्या प्रीमियरचा पास मिळाला म्हणता? अभिनंदन! गेल्याच गुरुवारी हे सुख आम्ही अंधेरीच्या एका मल्टिप्लेक्समध्ये पोटभर भोगून आलो. तेव्हा चार अनुभवाचे बोल ऐकून ठेवा.

पत्रिकेवर 'सायंकाळी ठीक 7 वाजता' छापलेलं असेल. त्यातल्या 'ठीक'कडे लक्ष देऊ नका.

जेवून जा.

रेड कार्पेटवर चुकूनही पाय ठेवू नका. ते तुमच्यासाठी अंथरलेलं नाही. तिथे सोनार, बिल्डर आणि मसालेवाल्यांच्या नावांनी भरलेल्या फलकासमोर मालिकेतल्या सुना पैठणी नेसून डावीकडे बघतात, मग उजवीकडे बघतात, मग नायकासोबत नाचाची ती एक स्टेप करतात. तुम्ही मागच्या बाजूने, कचऱ्याच्या डब्याला वळसा घालून आत जायचं. आत बऱ्या रांगांवर 'राखीव' असे कागद चिकटवलेले असतात. त्यांना हात लावू नका, निर्मात्याचे साडू यायचे असतात. तुमच्यासाठी पडद्याला नाक लागेल अशी पहिली रांग आहे. नायकाच्या नाकपुड्यांचा अभिनय तिथून फार छान दिसतो.

माननीय आल्याशिवाय सिनेमा सुरू होत नाही. ते साडेनऊला येतात, शाल-श्रीफळ घेतात, मराठी चित्रपटाला बरे दिवस आल्याचं सांगतात आणि मध्यंतराच्या आत निघून जातात. त्यांच्या सुज्ञपणाचं मला नेहमी कौतुक वाटतं.

बाहेर पडताना तोंडासमोर माईक येईल. तेव्हा 'अप्रतिम', 'सहकुटुंब पाहावा असा' आणि 'विषय फार वेगळा' यांपैकी एक काहीतरी म्हणा आणि पळा. माझ्या शेजारचे गृहस्थ उत्तरार्धभर घोरत होते. बाहेर येऊन म्हणाले, 'डोळ्यांत पाणी आलं.' जांभईचं असणार.

आता प्रसिद्धीबद्दल. प्रीमियरआधी महिनाभर कलाकार मंडळी गणपतीत, कॉलेजात, हास्याच्या कार्यक्रमात, जिथे दोन माणसं उभी दिसतील तिथे जाऊन 'सेटवर आम्ही एक फॅमिलीच झालो होतो' असं सांगतात. त्या फॅमिलीने कुठे काय खाल्लं, कोण कोणाची खोडी काढायचं, सगळं कळतं. गोष्ट कशाची आहे ते कळत नाही. आमच्या दादासाहेब फाळक्यांना बिचाऱ्यांना ही कला अवगत नव्हती. 1913 मध्ये 21 एप्रिलला त्यांनी ऑलिम्पिया थिएटरमध्ये निवडक मंडळींना 'राजा हरिश्चंद्र' दाखवला आणि 3 मे रोजी गिरगावात कॉरोनेशनला सगळ्यांसाठी लावला. म्हणजे मध्ये बारा दिवस. पाहिलेल्यांनी न पाहिलेल्यांना सांगायला तेवढा अवधी मिळत होता. जाहिरात तरी कशी, तर 57 हजार छायाचित्रं, दोन मैल लांबीचं चित्र, दर अवघा तीन आणे. माल काय, किती आणि केवढ्याला. आता गुरुवारी मध्यरात्री प्रीमियर सुटतो आणि शुक्रवारी सकाळी 'प्रेक्षकांचा उदंड प्रतिसाद' अशी पोस्ट पडते. कुठले प्रेक्षक? ते साडूच ना?

आणि तो प्रतिसाद द्यायला खरोखरचा प्रेक्षक निघाला तर? माझी डोंबिवलीची मावशी निघाली होती. नायक तिचा आवडता. घराजवळ शो एकच, सकाळी सव्वादहाचा. 2015 साली सरकारने मल्टिप्लेक्सना मराठी सिनेमा प्राईम टाईमला दाखवायला सांगितलं, तेव्हा आधी संध्याकाळी सहा ते नऊ ठरलं होतं. मग गलका झाला आणि प्राईम टाईम दुपारी बारापासून सुरू झाला. मावशीच्या नशिबी ते बाराही नव्हते. तरी बिचारीने स्वयंपाक पहाटे उरकला, मैत्रिणीला घेतलं, रिक्षा केली. तिकीटखिडकीवरचा पोरगा म्हणाला, 'आजी, शो कॅन्सल आहे, पब्लिक नाही.' अरे, मग ही दोघं कोण होती?

त्याच संध्याकाळी त्या सिनेमाच्या निर्मात्याचा व्हिडिओ आला. मराठी माणूस दाक्षिणात्य सिनेमाला रांग लावतो, मराठीकडे पाठ फिरवतो, आपल्याला आपल्या भाषेची लाजच वाटते वगैरे. आवाज भरून आला होता त्यांचा.

पुरे झालं. भाषेची लाज काढू नका. मावशीला लाज वाटत नव्हती, तिला शो मिळाला नाही. कार्पेटला, फुलांना, ड्रोनला, रील बनवणाऱ्या पोरापोरींना पैसे आहेत तुमच्याकडे. वितरकाशी भांडून संध्याकाळचा एक खेळ मिळवायचा म्हटलं की तेवढी तुमची ताकद संपते. पोस्टरवर वीस प्रायोजक मावतात, पण कुठल्या गावात किती वाजता हे मावत नाही. दोनशे ओळखीच्या लोकांकडून फुकटात 'अप्रतिम' म्हणवून घेता आणि पैसे मोजून बघायला आलेल्या म्हातारीला दारातून परत पाठवता. वर उपदेश तिलाच! आधी डोंबिवलीत सातचा शो लावा. आठवडाभर चालवा. एवढं करूनही खुर्च्या रिकाम्या राहिल्या, तर खुशाल आम्हाला शिव्या घाला.