चाळीस टक्के नेमके कशाचे? डेटा सेंटरच्या शीतकरणाविषयीच्या एका दाव्याचा प्रतिवाद

“गूगलच्या एआयने डेटा सेंटरची वीज ४० टक्क्यांनी कमी केली, तिथले लिक्विड कूलिंग आता एआयच चालवते, माणूस लागत नाही, आणि सगळे द्रवाने थंड होत असल्यामुळे पाण्याचाही प्रश्न मिटला,” अशा आशयाचा मजकूर सध्या फिरतो आहे. त्यात खऱ्याचा अंश आहे, आणि म्हणूनच तो एकेक विधान वेगळे काढून तपासायला हवा.

प्रथम ४० टक्के. गूगलच्याच डीपमाइंड या एआय कंपनीने जुलै २०१६ मध्ये जाहीर केले ते शीतकरणासाठी लागणाऱ्या विजेविषयी होते, आणि तेही ‘४० टक्क्यांपर्यंत’ असे होते. त्याच निवेदनात पुढे असेही नमूद होते, की विद्युत यंत्रणेतील गळती वगैरे धरल्यास सर्व्हरव्यतिरिक्तच्या एकूण वरखर्चात १५ टक्के घट झाली. हे वाक्य पुढे पाठवताना बहुतेकांनी गाळले. गूगलच्या केंद्रांचा सरासरी पीयूई, म्हणजे एकूण वीज भागिले संगणकांना मिळणारी वीज, त्या सुमारास १.१२ होता. तोच आकडा धरून हिशेब केला, तर संगणकांना १,००० किलोवॅट लागत असताना वरखर्च १२० किलोवॅट होतो आणि त्याचे १५ टक्के म्हणजे १८ किलोवॅट वाचतात. एकूण विजेच्या तुलनेत ही बचत दीड टक्क्याहून किंचित अधिक भरते. एवढ्या मोठ्या केंद्रांसाठी ही बचतही मोलाचीच आहे, पण ती ४० टक्के नव्हे.

‘माणूस लागत नाही’ हे विधान अर्धवट आहे. २०१६ च्या व्यवस्थेत एआय शिफारस करीत असे आणि ती अमलात आणायची की नाही हे ऑपरेटर ठरवीत. ऑगस्ट २०१८ मध्ये जाहीर झालेल्या व्यवस्थेत मात्र नियंत्रण खरोखरच थेट एआयकडे गेले आणि सरासरी सुमारे ३० टक्के बचत नोंदली गेली. हिवाळ्यातील थंड हवेचा फायदा घेऊन नेहमीपेक्षा गार पाणी तयार करण्याची युक्तीही तिने आपणहून साधली. परंतु तिचा प्रत्येक आदेश आधी स्थानिक नियंत्रण यंत्रणा सुरक्षिततेच्या मर्यादांशी ताडून पाहत असे, या मर्यादा ऑपरेटरांनी मुद्दाम आखडत्या ठेवल्या होत्या, आणि कोणत्याही क्षणी एआयला बाजूला सारून जुन्या नियमांवर परतण्याची मुभा त्यांना होती. ज्याच्या हाती शेवटचा खटका आहे, तो माणूस ‘लागत नाही’ असे कसे म्हणावे?

सर्वांत मोठा गोंधळ आहे तो ‘लिक्विड कूलिंग’ या शब्दात. गूगलचे ते प्रयोग चिलर (पाणी गार करणारे यंत्र), पंप आणि कूलिंग टॉवर यांच्या संचावर, म्हणजे संपूर्ण इमारतीची उष्णता बाहेर टाकणाऱ्या व्यवस्थेवर झाले होते. चिपवर बसवलेल्या कोल्ड प्लेटमधून, म्हणजे धातूच्या पोकळ पट्टीतून, द्रव खेळवणे ही त्याहून निराळी बाब आहे. तिथे सीडीयू नावाचे, रॅकना (सर्व्हर रचलेल्या कपाटांना) द्रव पुरवणारे युनिट असते, ज्यातील हीट एक्स्चेंजरच्या एका बाजूने इमारतीचे पाणी आणि दुसऱ्या बाजूने रॅकमधला द्रव वाहतो, आणि दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत. समजा, एका रॅकमधून १०० किलोवॅट उष्णता द्रवाने वाहून न्यायची आहे आणि द्रवाचे तापमान १० अंशांनी वाढू द्यायचे आहे; पाणीच धरले तर मिनिटाला सुमारे १४५ लिटर प्रवाह लागतो. आता पंप बंद पडला आणि रॅकमध्ये २० लिटर द्रव अडकून राहिला, तर तो सेकंदाला सव्वा अंशाच्या आसपास तापेल, म्हणजे आठ-दहा सेकंदांतच दहा अंशांची वाढ होईल. २०१८ ची ती एआय व्यवस्था दर पाच मिनिटांनी सेन्सरांचे वाचन घेत असे. त्यामुळे दुसरा पंप तत्काळ चालू करणे, दोन नळ्यांमधील दाबाचा फरक स्थिर ठेवणे आणि व्हॉल्व्ह कमीजास्त उघडणे ही कामे सीडीयूमधील साधा पीआयडी नियंत्रकच (ठरलेल्या मूल्यापासून झालेला फरक पाहून लगेच दुरुस्ती करणारी स्वयंचलित यंत्रणा) करतो, आणि तसेच असायला हवे. त्याचा आणखी एक नियम आपल्याकडे विशेष महत्त्वाचा आहे: रॅककडे जाणाऱ्या द्रवाचे तापमान खोलीतील हवेच्या दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतील बाष्पाचे पाणी होऊ लागते त्यापेक्षा) दोनेक अंश वर राखायचे, नाहीतर नळ्यांना घाम फुटून पाणी सर्किटवर ठिबकेल. नवी मुंबईच्या ऐरोली-महापे पट्ट्यातील डेटा सेंटरांच्या बाहेर पावसाळ्यात दवबिंदू २५ अंशांच्या आसपास असतो; दार जरा जास्त वेळ उघडे राहिले तरी हा नियम कामाला येतो. एआयची जागा याच्या वरच्या थरात आहे: कोणते तापमान आणि कोणता वेग राखायचा, हे सुचवणे. पंपाला लागणारी वीज वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते, म्हणून वेग २० टक्क्यांनी उतरवता आला तर वीज जवळपास निम्मी होते. बचतीची खरी जागा तिथे आहे.

पाण्याबाबत थोडक्यात. रॅकमधला द्रव बंद वलयात फिरतो, तो संपत नाही. पाणी संपते ते कूलिंग टॉवरमध्ये, जिथे बाष्पीभवनाने एक युनिट (किलोवॅट-तास) उष्णता घालवायला सुमारे दीड लिटर लागते. द्रव ४० अंशांवर पुरवला तरी चालणारी चिप असेल, तर बाष्पीभवनाशिवाय, नुसत्या हवेने द्रव थंड करणाऱ्या ड्राय कूलरवर भागवता येते. थंड पाणी मागणारी असेल, तर उन्हाळ्यात चिलर चालवावा लागतो, आणि त्यामागे टॉवर असेल तर पाणी उडतच राहते. तेव्हा पाणी वाचले की नाही हे पाहायचे, तर रॅकमध्ये नव्हे, इमारतीच्या छतावर काय बसवले आहे ते पाहावे लागते.